तितरवाडी : मतदान शून्य

कल्याणप्पांनी चहा बशीत ओतला, बशी ओठाला लावली आणि नेमका तेव्हाच तो शब्द त्यांच्या कानावर पडला. बशी हिंदकळली. चार थेंब सदऱ्यावर सांडले. समोर जेवणाच्या टेबलावर सूनबाई वर्षाराणी कागदांचा गठ्ठा पसरून बसली होती आणि एकेक ओळ मोठ्यानं वाचत होती. डोळ्याला न दिसलेली चूक कानाला सापडते, हे तिला लग्न होऊन आल्यावर सासऱ्यांनीच शिकवलं होतं. ती कलेक्टर कचेरीच्या निवडणूक शाखेत होती. मतदान केंद्रांच्या यादीची फेरतपासणी चालली होती, आणि तिच्याकडं आपल्या विधानसभा मतदारसंघाची परिचय-पुस्तिका लिहायचं काम आलं होतं. नद्या, डोंगर, मंडळं, गावं, आजवरच्या निवडणुका, सगळं त्यात होतं. महिनाभर पोरीनं जीव तोडून काम केलं होतं आणि कल्याणप्पांनीही रोज सकाळी तिला भरभरून सांगितलं होतं. घरात जणू लग्नाची यादी चालली होती. आणि आता शेवटच्या पानावर, कमी मतदारांची जी केंद्रं शेजारच्या मोठ्या गावाला जोडायची त्यांच्या तक्त्यात ती वाचत होती, "तितरवाडी. मतदार एकशे शहाण्णव. शेरा : सन एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर, मतदान शून्य, ग्रामस्थांचा बहिष्कार. केंद्र विलीन करण्यास हरकत नसावी." मग मान वर करून म्हणाली, "अप्पा, चहा सांडला की. पोळलं का?"

"नाही," कल्याणप्पा म्हणाले. "गार झालाय." चहा गार नव्हता. जीभ चांगली भाजली होती.

धाराशिवच्या तांबरी विभागातल्या त्या घरात सकाळी साडेआठला काय गडबड असते ते सांगायला नको. नात समृद्धी एका पायात मोजा घालून दुसरा शोधत होती, बाहेर भंगारवाला ओरडत होता, कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या. या सगळ्यात त्र्याहत्तर वर्षांचा एक निवृत्त मास्तर आपल्या खुर्चीत बसल्या जागी सत्तेचाळीस वर्षं मागं गेला, आणि घरात कुणाला पत्ताही लागला नाही. माणूस बाहेरून बघाल तर रुबाबात. पांढरा सदरा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, मागच्या भिंतीवर चौकटीतलं प्रशस्तिपत्र : आठ विधानसभा निवडणुका, एकही चूक नाही. चौकट त्यांनी स्वतः पुसायची, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. पाहुणा आला की नजर आपोआप तिकडं जावी म्हणून पाहुण्याची खुर्चीही त्यांनी समोर ठेवली होती. आज त्या काचेत त्यांना स्वतःचाच चेहरा दिसला, आणि तो त्यांनी बघितला नाही.

कारण तो शब्द त्यांचा होता. त्यांच्या हातचा, त्यांच्या निळ्या शाईचा.

अभिमान म्हणाल तर कल्याणप्पांना या मतदारसंघाचा जेवढा, तेवढा निवडून आलेल्या कुणाला असेल असं वाटत नाही. भूमच्या आसपासच्या शाळांत पस्तीस वर्षं भूगोल शिकवला. पोरांना फळ्यासमोर बसवून कंटाळा आणायचा नाही, सरळ माळावर न्यायचं. बालाघाटाच्या कण्यावर उभं करायचं, दोन्ही हात पसरायचे आणि विचारायचं, "सांगा रे, पाऊस इथं पडला तर पाणी जातं कुठं?" पोरं म्हणायची, खाली. "खाली तर जातंच रे बाबांनो, पण कुठल्या खाली? हा उजवा हात सीनेचा. सीना भीमेला, भीमा कृष्णेला. हा डावा हात मांजरेचा. मांजरा गोदावरीला. एका ढगाचं पाणी, दोन नद्यांना वाटून देणारा माणूस म्हणजे आपण. आहे का असा तालुका दुसरा?" पोरांना ते खरंच वाटायचं, की आपणच वाटून देतो. उन्हाळ्यात वाटायला थेंबभर पाणी नसायचं ही गोष्ट वेगळी, पण मिजास काही कमी व्हायची नाही. मग निवडणुका. पहिल्या निवडणुकीला आपण हैदराबादला आमदार पाठवला, मग मुंबईला. उमेदवारागणिक वेगळी पेटी असायची, चिठ्ठीवर शिक्का मारायचा नाही, नुसती पेटीत टाकायची. त्यांचे वडील सांगायचे, काही म्हाताऱ्या माणसांनी आधी पेटीला हात जोडले, मग चिठ्ठी टाकली. निजामाच्या काळात ज्यांना तहसीलदारासमोर बसायची सोय नव्हती ती माणसं! हे सांगताना कल्याणप्पांचा गळा दर वेळी दाटायचा आणि वर्गातली पोरं दर वेळी एकमेकांना कोपरानं ढोसायची, आता गुरुजी रडणार. पण ह्या सगळ्या इतिहासात एक पान असं होतं की ते माळावर कधी सांगितलं गेलं नाही.

अठ्ठ्याहत्तरचा फेब्रुवारी. कल्याणप्पा सव्वीस वर्षांचे, लग्न ठरलेलं, मिशी नवी. केंद्राध्यक्ष म्हणून हुकूम निघाला होता त्यांच्या मुख्याध्यापकांच्या नावानं, आणि मुख्याध्यापकांना आदल्या दिवशी ताप भरला. म्हणून ही माळ कल्याणप्पांच्या गळ्यात पडली. सव्वीसाव्या वर्षी केंद्राध्यक्ष! मतपत्रिका, पेटी, लाख, दोरा, कापडी पिशवीत नियमांचं पुस्तक. ते पुस्तक त्यांनी दोन दिवसांत असं पाठ केलं की बरोबरचे दोघे वयानं मोठे मास्तर त्यांची टर उडवायला लागले. "कल्याणप्पा, झोपेत शिंक आली तर कलम कुठलं लागतंय?" त्या वर्षी मतदारसंघांच्या हद्दी नव्यानं आखल्या होत्या. तितरवाडी म्हणजे मेंढरामागं फिरणाऱ्या धनगरांची वस्ती, आजवर मताला पाच कोस चालत ईट गावाला जायची. आता कागदावर ती उचलून दुसऱ्या मतदारसंघात ठेवली होती, आणि पहिल्यांदाच तिला स्वतःचं केंद्र मिळालं होतं. माळावरची एक खोलीची शाळा. वस्ती तिथून अर्धा कोस खाली, ओढ्यापलीकडं. बैलगाडीनं पेटी पोचेपर्यंत दिवस मावळला. नव्या केंद्राची वर्दी वाडीला कुणी दिली, दवंडी कुठं फिरली, याची चौकशी कल्याणप्पांनी केली नाही. दवंडी हा केंद्राध्यक्षाचा विषय नाही असं पुस्तकात होतं.

सकाळी सात वाजता पेटी उघडून दाखवली, लाख लावली, शाई मांडली. आठ वाजले. नऊ वाजले. माळावर चिटपाखरू नाही. दहाला उमेदवारांचे दोन प्रतिनिधी जांभया द्यायला लागले आणि बाराच्या आत शेजारच्या गावात जेवायला म्हणून जे गेले ते आलेच नाहीत. बरोबर आलेला कोतवाल माणिकप्पा, हा कल्याणप्पांच्याच नात्यातला, वयानं वडील, दहाच्याच सुमाराला खाली वस्तीत जाऊन आला. येताना हसावं की रडावं कळेना असं तोंड करून आला. "अरे कल्याणा," तो म्हणाला, "वाडी मोकळी पडलीय. एक बाळंतीण आहे आणि एक लंगडा म्हातारा आहे. बाकी सगळे पहाटं ढोल घेऊन, बिरोबाला भंडारा वाहून ईटला गेलेत मत द्यायला!" त्यांच्यात रीतच तशी होती. मत एकट्यादुकट्यानं द्यायचं नाही. जत्रेला जातात तशी सगळी वाडी मिळून निघायची, पुढं ढोल, मागं बाया, कडेवर लेकरं. आणि पेटी आपल्या दारात येईल ही गोष्ट त्यांना कुणी सांगितली असती तरी त्यांनी खरी मानली नसती. सरकार काय कुणाच्या दारात येतं का? सरकारकडं आपण जायचं असतं. माणिकप्पानं म्हाताऱ्याला विचारलं होतं, तू तरी चल, तुला पाठीवर नेतो. म्हातारा म्हणाला, वाडी आल्याबिगर म्या एकटा टाकू काय? येऊ द्या वाडी.

इथं कल्याणप्पा दर वेळी थांबायचे. सत्तेचाळीस वर्षांत हे दृश्य मनात शंभरदा आलं असेल आणि शंभरही वेळा ते याच जागी थांबले. कारण शाळेच्या भिंतीला बंदोबस्ताला आलेल्या पोलिसाची सायकल टेकवून ठेवलेली होती. माणिकप्पानं सायकलीकडं बघितलं, मग त्यांच्याकडं बघितलं. "जाऊ का? अर्ध्या वाटेत गाठतो त्यांना. दोनच्या आत आणतो माघारी." आणि सव्वीस वर्षांच्या केंद्राध्यक्षानं काय सांगितलं? "केंद्र सोडून कुणी जायचं नाही. नियम आहे." नियम होता हे खरं. पण नियम कोतवालाला नव्हता, पेटीजवळच्या माणसांना होता, आणि हे त्यांना तेव्हाही माहीत होतं. मग का सांगितलं असेल? उत्तर त्यांना नंतर सापडलं आणि ते काही चांगलं नव्हतं. वाडी चुकली होती, आणि चुकलेल्याला बोलवायला जाणं हे त्यांना केंद्राध्यक्षाच्या इभ्रतीला शोभेना. मास्तरकीची खोड. ज्यानं धडा नीट ऐकला नाही तो राहू द्या बाकावर उभा.  सायकलीच्या सावलीत जाऊन माणिकप्पानं तंबाखू मळली.

पाच वाजता कल्याणप्पांनी घड्याळ बघितलं, दारात उभं राहून मोठ्यानं वेळ संपल्याचं जाहीर केलं. कुणाला? माळाला. पुस्तकात होतं म्हणून केलं. दार लावून घेतलं, आतून कडी घातली, पेटीच्या फटीवर कागद चिकटवायला घेतला, आणि तेव्हा ढोल ऐकू आला. आधी त्यांना वाटलं आपल्याच छातीत वाजतंय. खिडकीच्या फटीतून बघितलं तर उतारावरून वाडी येत होती. दहा कोस चाललेली माणसं. ढोल अजून वाजत होता, दमून का होईना वाजत होता. बायांच्या पदरांवर धूळ, पण चाल कशी, सासरी निघालेल्या वरातीची. काही करायला नव्हतं म्हणून कल्याणप्पांनी माणसं मोजली. लेकरं सोडून एकशे एकेचाळीस. यादीत नावं एकशे त्रेचाळीस. बाळंतीण आणि लंगडा म्हातारा वजा करा, हिशेब चोख जुळतो. एक नाव गळालेलं नाही! आख्ख्या मतदारसंघात, आख्ख्या जिल्ह्यात म्हणा, त्या दिवशी असं गाव दुसरं नसेल. ढोल दारापाशी येऊन थांबला. मग दारावर थापा पडल्या. एक, दोन, तीन. "गुरुजी, दार उघडा."  बाहेर दीडशे माणसं, आत पाच जण आणि एक रिकामी पेटी. दंगा झाला, पेटी फोडली, तर? ते आतून ओरडले, "वेळ संपली! कायद्यानं आता काही होत नाही! घरी जा!" आवाज चिरकला.  बाहेर कुणीतरी काहीतरी हळू बोललं, पावलं वाजली, आणि पावलं लांब गेली. थाप पुन्हा पडली नाही.

सहाला क्षेत्रीय अधिकाऱ्यांची जीप आली. साहेबांना पुढं आणखी सहा केंद्रं घ्यायची होती. "शून्य? असं कसं? कारण लिहा आणि मोकळे व्हा." डायरीतली जागा इवलीशी. खरं लिहायचं तर काय काय लिहावं लागलं असतं? दवंडी नाही. सायकल होती, पाठवली नाही. माणसं आली, दार उघडलं नाही. त्या आठवड्यात प्रशिक्षणात दोन-तीन गावांचं नाव निघालं होतं, रस्त्यासाठी मतदान करणार नाही म्हणणारी. शब्द तयारच होता. एक शब्द लिहिला आणि सुटले. पुढं आणखी सात निवडणुका केल्या, चिमूटभर चूक होऊ दिली नाही. बायको थट्टेनं म्हणायची, तुम्ही पेटीला जेवढं जपता तेवढं मला जपलं असतं तर! तिला काय माहीत, ते कशाची भरपाई करत होते. आणि मजा बघा, भरपाई करता करता प्रशस्तिपत्र मिळालं, ते चौकटीत गेलं, आणि शब्द कुठल्यातरी कपाटात आरामात पडून राहिला. कागद माणसापेक्षा दमदार असतो. तो वाट बघतो.

"अप्पा," वर्षाराणी पर्स खांद्याला लावत म्हणाली, "मी निघते. आज हे साहेबांसमोर ठेवायचंय. हरकती घ्यायची मुदत उद्या संध्याकाळपर्यंत आहे, मग यादी पक्की."

"तो शब्द काढ," कल्याणप्पा म्हणाले.

"कुठला?"

"तितरवाडीचा. बहिष्कार. वाडीनं बहिष्कार टाकला नव्हता."

वर्षाराणी हसली. "अहो अप्पा, रेकॉर्डला आहे ते. मी माझ्या मनानं कसं काढू? केंद्राध्यक्षानं स्वतः लिहिलेलं आहे. त्याच्यावरच तर साहेब म्हणाले, यांना पहिल्यापासूनच गोडी नाही, केंद्र हलवलं तर कोण ओरडणार आहे?"

"आणि तो केंद्राध्यक्षच म्हणाला, की खोटं लिहिलं, तर?"

कुकरचीही शिट्टी थांबलेली होती. वर्षाराणीनं सासऱ्याच्या तोंडाकडं बघितलं, मग भिंतीवरच्या चौकटीकडं बघितलं, आणि पोरगी हुशार, तिला कळलं. ती परत खुर्चीवर बसली. पर्स मांडीवर.  कल्याणप्पांना वाटलं, आता ही म्हणेल, जाऊ द्या ना अप्पा, इतक्या वर्षांनी कुठं उकरता, माझ्याही नोकरीचं बघा. तसं ती म्हणाली असती तर ते थांबलेही असते, खोटं कशाला बोला. पण ती म्हणाली, "मग त्यानं लेखी द्यावं. सहीनिशी. आणि वाडीचाही अर्ज पाहिजे, नुसत्या तुमच्या कागदावर साहेब म्हणतील म्हाताऱ्याला आता पश्चात्ताप झालाय." जरा थांबून म्हणाली, "साडेनऊची भूम गाडी मिळेल. भाकरी बांधून देते."

एसटीच्या खिडकीतून कल्याणप्पांनी आपला मतदारसंघ सगळा पुन्हा बघितला. पवनचक्क्या सोडल्या तर माळ तोच होता. खव्याच्या भट्ट्यांचा गोडसर धूर, ज्वारीचं पिवळं पडत चाललेलं रान, दूर बालाघाटाची सपाट पाठ. हात पसरायची सवय होती, पण शेजारी एक बाई कोंबडी घेऊन बसली होती. मनाशी ते वाक्यं जुळवत होते. माफ करा म्हणायचं का? मास्तर माफी मागतो तेव्हा पोरांना काय करावं ते सुचत नाही, हे त्यांनी पाहिलेलं होतं. वाडीत ओळखणारं तरी कोण असेल? त्या दिवशीची माणसं तर केव्हाच वर गेली असतील. ही कल्पना त्यांना जरा बरी वाटली, आणि बरी वाटली याची लगेच लाज वाटली. भूमला उतरून त्यांनी रिक्षा केली.

तितरवाडी आता वाडी राहिली नव्हती. पत्र्याची घरं, दोन ट्रॅक्टर, पोलीस भरतीसाठी पळणाऱ्या पोरांनी माळावर आखलेला चुन्याचा गोल. मेंढरं मात्र तशीच, वाघरीच्या जाळीत बसलेली. सिदू नावाचा पन्नाशीला टेकलेला माणूस पुढं आला, डोक्याला पिवळा फेटा, हातात मोबाइल. कल्याणप्पांनी केंद्र हलवण्याचं सांगितलं तेव्हा तो भडकला. "आमचं केंद्र? काय म्हून? मागल्या विधानसभेला मेंढरं नगराकडं व्हती गुरुजी. टेम्पो करून रातभर आलो आमी. सकाळच्याला मत टाकलं, दुपारच्याला माघारी! आन् आमाला गोडी न्हाय?" मग त्यानं आईला हाक मारली, "आय, ह्ये गुरुजी आलेत, धाराशिवचे. अठ्ठ्याहत्तरात हितं पेटी घेऊन आलते म्हंत्यात."

हरणाबाई काठी टेकत ओसरीत आल्या. पंचाहत्तरीच्या, काटक, कपाळावर गोंदलेलं, कानांत जड बुगड्या. खाली बसल्या, कल्याणप्पांकडं नीट बघितलं. "मिशी पांढरी झाली," त्या म्हणाल्या. "तवा काळी व्हती. खिडकीतनं दिसत व्हती."

म्हणजे त्यांनी बघितलं होतं. एवढी वर्षं त्यांना वाटत होतं की आपण फटीतून बघितलं, आपल्याला कुणी नाही. कल्याणप्पांनी जुळवलेली सगळी वाक्यं एकदम सांडली. मग जे तोंडाला आलं ते बोलले. सायकलीचं सांगितलं. दवंडीचं सांगितलं. जीप आणि शब्द सांगितला. "वाडीनं बहिष्कार टाकला असं मी लिहिलं, बाई. मी. सगळी वाडी माझ्या दारात उभी होती आणि मी लिहिलं, कुणी आलं नाही."

सिदूचा चेहरा लाल झाला. "आमी? दहा कोस चालून आलेल्या माणसानला..." तो उठलाच. हरणाबाईंनी काठी आडवी धरली.

"बस," त्या म्हणाल्या. "घरी आलेल्या माणसावर वरडू नगं. यायला सत्तेचाळीस वर्सं लागली तरी आलंय की." मग कल्याणप्पांना म्हणाल्या, "मताचं म्हंताव व्हय? मताचं आमाला काय बी वाटलं न्हाय गुरुजी. येळ झाली म्हंजी झाली. ईटच्या साह्यबानं सांगितलं, नावं तुमच्याच साळंत हायती, पाचच्या आत पोचा. आमी पोचलो न्हाय. चूक आमची. कायदा काय आमाला कळत न्हाय व्हय?"

"मग दार का वाजवलं?" कल्याणप्पांच्या तोंडून निघून गेलं.

हरणाबाई जरा हसल्या. हसल्या म्हणजे एक गाल हलला. "पाणी पायजे व्हतं. ह्यो सिदू व्हता माज्या कडंवर, आठ म्हयन्यांचा. जीभ टाळूला चिकटलेली. साळंत रांजण असतोय ह्ये समद्यास्नी ठावं. घर आजून अर्धा कोस. तुमी आतनं म्हनालाव, येळ संपली. माज्या मनात आलं, इचारावं, पान्याची बी येळ संपती का? पर मामांनी, माज्या सासऱ्यानं, हात केला. म्हनले, चला. ज्याला भ्या वाटतंय त्याच्याकडं काय मागायचं न्हाय."

ज्याला भ्या वाटतंय त्याच्याकडं. कल्याणप्पांच्या कानात हे वाक्य बसलं ते बसलंच. रांजण त्यांना लख्ख आठवला. पेटीच्या शेजारी होता, ओल्या फडक्यानं गुंडाळलेला. सकाळी त्यांनीच माणिकप्पाकडून भरून घेतला होता, दीडशे माणसं येतील, उन्हाचे दिवस आहेत, म्हणून काठोकाठ. कडी काढून दार अर्धं उघडायला किती वेळ लागतो? दंगा, दंगा म्हणून जे घाबरले ते लेकराला पाणी मागायला आलेल्या बाईला घाबरले. आणि ती माणसं? त्यांना भीती दिसली, दाराआडून दिसली, आणि त्यांनी तिच्याकडं पाठ फिरवली. मागितलंसुद्धा नाही. डोळ्यांना धार लागली ती त्यांनी पुसलीही नाही. सिदू आता खाली बसला होता आणि कुठं बघावं हे त्याला कळत नव्हतं. आपल्याच पायाच्या अंगठ्याकडं बघत होता.

मग कल्याणप्पांनी पिशवीतून कागद काढला, मांडीवर पाटी घेतली आणि लिहायला बसले. अक्षर अजून तेच, वळणदार, जरा तिरकं. मी तितरवाडी केंद्राचा केंद्राध्यक्ष होतो. दवंडी पोचली नव्हती. मला सकाळीच कळलं होतं आणि मी निरोप धाडला नाही. वाडीतले एकशे एकेचाळीस मतदार सोळा-सोळा किलोमीटर जाऊन येऊन वेळेनंतर दहा मिनिटांनी केंद्रावर हजर झाले. मी लिहिलेला शेरा खोटा आहे. हात थांबेना. आतून काहीतरी मोकळं होत होतं, आणि त्या ओघात त्यांनी पुढं लिहिलं, त्यांच्याबरोबर तहानलेली लेकरं होती, त्यांनी पाणी मागितलं, मी दार उघडलं नाही. लिहून झालं तेव्हा त्यांना हलकं वाटलं. एवढं हलकं त्यांना आठ निवडणुकांत कधी वाटलं नव्हतं.

"वाचून दावा," हरणाबाई म्हणाल्या.

त्यांनी वाचलं. ओसरीत आता दहा-बारा माणसं जमली होती. एकशे एकेचाळीस म्हटल्यावर मागं कुणीतरी "व्हय की!" म्हणून मांडीवर थाप मारली. सिदूची मान वर आली. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी आपल्या आई-बापांची नावं घ्यायला सुरुवात केली, आमचा बा व्हता त्यात, आमची आत्या व्हती, ढोल आमच्या चुलत्याचा. कल्याणप्पांना वाटलं, हे खरं मतदान. मग ते शेवटच्या ओळीवर आले, आणि ती वाचून झाल्यावर हरणाबाईंनी काठी जमिनीवर टेकवली.

"ते पान्याचं काढा."

"का बाई? तेच तर सगळ्यात खरं आहे. माझ्याकडून झालं, ते लिहू द्या मला."

"तुमाला हलकं वाटंल. मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, पण हलायलाही जागा नव्हती. "पर कागूद हापिसात जानार. तितं बसलेली मानसं वाचनार, तितरवाडीनं दारात हुबं ऱ्हाऊन पानी मागितलं. आन् दिलं न्हाय. आमी मागितलं न्हाय गुरुजी. मागायच्या आधीच माघारी फिरलो. आमी मत द्याया आलतो. तेवडंच लिवा."

 कल्याणप्पांनी कागदाकडं बघितलं. ती एकच ओळ होती, त्यांना सोडवणारी. तीच नेमकी त्यांना आपल्याजवळ ठेवावी लागणार होती, आता जन्मभर.

त्यांनी कागद फाडला, दुसरा घेतला, ओळ सोडून पहिल्यापासून सगळं पुन्हा लिहिलं, आणि खाली सही केली : कल्याणप्पा, केंद्राध्यक्ष, तितरवाडी. मग सिदूनं पाटी पुढं ओढली आणि वाडी एकेक करून सह्या करायला लागली.